प्रत्येक दुखण्यावर एक गोळी

घरात माणूस एक आणि औषधांचे डबे तीन! निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंच्या टेबलावर ताट ठेवायलाही जागा उरली नव्हती.

यजमान गेल्यापासून त्यांचा डोळा लागेना. परगावी राहणारी लेक फोनवर म्हणाली, "डॉक्टरांना दाखव ना, आई. गोळी देतील." गोळी मिळाली, तिने चक्कर येऊ लागली. चक्करेसाठी दुसरे डॉक्टर, गुडघ्यांसाठी तिसरे. झोप येत नसल्याचं बाई प्रत्येकाला सांगत; कोणाचं औषध कोणाला ठाऊक नाही. खरं तर दवाखान्यात बाईंना बरंच वाटे. तिथे निदान कोणी समोर बसून विचारायचं, "कसं वाटतंय?"

एका दुपारी दाराची घंटा वाजली. बाई भिंतीला धरून गेल्या. दारात बॅग घेतलेली स्त्री.

"कोण हवंय आपल्याला?"

"आई! अगं, मी!"

आईला विसरण्याचा आजार जडला, असंच लेकीने गृहीत धरलं आणि सगळ्या गोळ्या पिशवीत भरून ती आईला ओळखीच्या वयस्कर डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी एकेक पाकीट निरखलं. "दोघा डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी झोपेचीच गोळी दिलीय. माणूस गुंगीत राहील नाहीतर काय! मनाने काही थांबवू नका, मी सांगेन तशा हळूहळू कमी करू. पण बाई, झोप का येत नाही?"

बाई पिशवीतल्या गोळ्यांकडे बघत म्हणाल्या,

"हे घोरायचे. तेव्हा चिडायचे मी. आता घर इतकं गप्प असतं..."

"लेकीला सांगितलंत?"

"तिला वेळ कुठे? दुखतंय म्हटलं, की दोन शब्द विचारते तरी."

लेक आईजवळ सरकली. "चुकलं माझं, आई! तू बोलायला लागलीस, की मी गोळी सुचवून फोन ठेवायचे."

काही आठवड्यांत बाईंची गुंगी उतरली. गुडघे अजून दुखतात, रात्रही सरता सरत नाही. पण लेक आता फोनवर "आज काय काय केलंस?" असं विचारते आणि बाईंचं बोलणं संपेपर्यंत ऐकते. सवड काढून येतेही.

वाचकहो, आपल्या वडीलधाऱ्यांची सगळी औषधं एकदा एकाच डॉक्टरांपुढे ठेवा. आजाराला औषध हवंच. पण ज्याला माणूस हवं आहे, त्याच्या हातावर नुसती गोळी ठेवून आपण मोकळे होऊ नये!