कापशीचं जावळ

डोळे मिटा, मुलांनो, आणि एक माळ डोळ्यांपुढे आणा. इतका मोठा, की मारलेली हाक परत यायचं विसरून जाते. गवत वाळून पितळी झालेलं. फाल्गुनातलं ऊन असं, की आभाळाच्या दगडावर कुणी विळा घासत बसावं आणि त्याच्या ठिणग्या दिवसभर खाली पडत राहाव्यात. बाभळीला सावली आहे, पण तीही काट्यांनी फाटलेली.

दिसला? आता त्या माळावर धनगरांचा तळ ठेवा. चार पालं. दोनशे मेंढरं. मेंढरांभोवती दोरखंडाच्या जाळीचं कुंपण. आणि त्या काळ्याकरड्या मेंढरांत, ढगात चुकून राहिलेल्या चांदणीसारखं, एकच पांढरंशुभ्र कोकरू.

त्याचं नाव कापशी. ती सगुणाची. सगुणा नऊ वर्षांची.

शेवटच्या पालापाशी धोंडाक्का बसायची. सगुणाच्या आबाची, म्हणजे बापाची, ती आत्या. दात गेलेले, नजर मात्र शाबूत. मोडक्या छत्रीची तार घासून तिनं विणायची आकडी केली होती, आणि त्या आकडीतून ती जनावरं काढायची. ससा, होला, घोरपड, एकदा तर साळिंदर. तळ हलायच्या आदल्या दिवशी प्रत्येक पोराच्या हातात एक जनावर. वाट लांबची असते, सोबत हवी, एवढंच ती म्हणायची.

यंदा सगुणाला कोकरू मिळायचं होतं. त्याच्या पोटात भरायला कापशीचं जावळ, म्हणजे जन्मल्यावर पहिल्यांदा कातरलेली लोकर, धोंडाक्कानं फडक्यात बांधून ठेवलं होतं. मऊ, उबदार, श्वासाइतकं हलकं.

पण कोकरू विणून व्हायच्या आतच ती दुपार आली.

आबा घोडीवरून पुढचा तळ बघायला गेला होता, तो तिसऱ्या दिवशी परतणार होता. सगुणा ओढ्याकडेला मेंढरं चारत होती. गवत हललं. वारा नव्हता आणि गवत हललं. मग त्या पितळी गवताचाच एक तुकडा सुटून धावत आला, आणि त्याला दात होते.

मेंढरं फुटली, मडकं फुटावं तशी. धूळ उडाली, धुळीत कापशीचा आवाज उडाला, आणि मध्येच तुटला. लांडग्यानं गळा धरला होता. सगुणानं मागचा पाय धरला. तिकडून ओढ, इकडून ओढ. पिवळे डोळे तिच्या डोळ्यांत. कापशीच्या पांढऱ्या छातीवर लाल फुलत गेलं, पळस फुलावा तसं, आणि थांबेना. सगुणा ओरडली नाही. ओरडायला श्वास लागतो, आणि सगळा श्वास मुठीत गेला होता.

पाय मुठीतून निसटला. मुठीत चिमूटभर ओली, लाल लोकर राहिली.

लोकर मुठीत धरूनच ती धोंडाक्कासमोर उभी राहिली. डोळे कोरडे, ओढ्यासारखे.

"मला कोकरू नगं. लांडगा करून दे."

"लांडगा कशाला गं बाय?"

"मारायला."

धोंडाक्कानं तिच्याकडे पाहिलं. रागावली नाही, समजूतही घातली नाही. नुसता हात पुढे केला आणि सगुणाला शेजारी बसवलं.

सगुणा पुढे जे बोलली ते दगडासारखं एकेक खाली पडलं. तिला बीळ ठाऊक होतं. ओढ्याच्या वळणावर, घायपाताच्या जाळीखाली. आठ दिवसांपूर्वी तिथं चार पिल्लं उन्हात एकमेकांचे कान चावताना तिनं पाहिली होती, आणि गोड वाटून ते गुपित स्वतःपाशीच ठेवलं होतं. आता आबा आला की ती सांगणार होती. मिरच्यांचा धूर करतील. तोंडावर धोंडे लोटतील. घुसमटून मरू देत, पाचही.

"सांग की," धोंडाक्का म्हणाली. "तवर माझ्यासंगं इन. पर मी काय त्यो लांडगा बगितला न्हाई. तू बगितलास. कसा हुता, तूच सांगायचं."

काळा आणि तपकिरी दोरा एकत्र पिळला गेला. आकडी चालू झाली. टाक्यात टाका, फेऱ्यावर फेरा. एक फेरा धोंडाक्काचा, एक सगुणाचा. सगुणाचे टाके रागानं इतके आवळलेले, की आकडी शिरेना.

"ढिला सोड जरा. लांडगा जलमू तर दे, मग मार. कान?"

"उभं. एक फाटल्यालं."

"पाट?"

सगुणाला आठवावं लागलं. मारायचं असलं तरी नीट आठवावं लागलं. "बरगड्या दिसत हुत्या. मोजाव्या इतक्या."

"आन् पोट?"

आकडी थांबली. ऊन थांबलं. त्या धुळीतून, त्या लालातून सगुणाला ते पोट दिसलं. खपाटीला गेलेलं. त्याच्याखाली लोंबणारं, ओढलेलं, सुकलेलं काहीतरी.

"आचळं हुती," ती हळूच म्हणाली. आणि मग चिडून, "असू देत!"

"असू देत," धोंडाक्का म्हणाली, आणि आकडी पुढे चालू झाली.

तिसऱ्या दिवशी सगुणा पाणी आणायला गेली असताना धोंडाक्कानं पोट भरून शिवून टाकलं. परत आली तेव्हा लांडगी दगडावर उभी होती. वीतभर उंच. एक कान फाटका. डोळ्यांच्या जागी दोन पिवळे टाके.

सगुणानं घागर टाकली. पाणी सांडलं. मेंढरं कातरायची कातर तिनं उचलली, आणि घातली.

एकदा. मानेत. दुसऱ्यांदा. पाठीत. कातर लोकरीतून जायची आणि दगडावर आपटायची, खणकन. तोंडातून शिव्या, आबाच्या, चुलत्याच्या, कुठून कुठून ऐकलेल्या. तिनं लांडगीला आपटलं, तुडवलं, उलथी केली, आणि आचळांच्या मधोमध कातर घालून उभी फाडली.

फाटलेल्या काळ्या पोटातून पांढरं बाहेर आलं.

मऊ, उबदार, श्वासाइतकं हलकं.

कातर हातातून गळाली. सगुणा गुडघ्यांवर आली. ते पांढरं तिनं नाकाशी नेलं. दुधाचा वास. उन्हाचा वास. कापशीचा वास.

"हिच्या पोटात का घातलंस?" ती किंचाळली. "माज्या कापशीचं जावळ हिच्या पोटात का घातलंस?"

"तितंच हाय की ती आता," धोंडाक्का म्हणाली. तिचाही आवाज फाटला होता. "हिच्या पोटातनं दुदात. दुदातनं चौगांच्या पोटात. मी दुसरीकडं कुटं घालू, बाय?"

आणि मग, तीन दिवसांनी, सगुणाच्या डोळ्यांतला ओढा वाहिला.

दिवस कलला. पश्चिम लाल झाली, गळा चिरल्यासारखी. घोडीच्या टापा वाजल्या. आबा आला, त्याच्यामागून चुलता धुळा, गावातले दोघे गडी. वाटेतच त्यांच्या कानावर बातमी गेली होती. हातात पहार, खांद्यावर वाळल्या मिरच्यांचं पोतं. सूर्य त्यांच्या पाठीशी होता, म्हणून त्यांच्या सावल्या त्यांच्याआधी तळावर पोचल्या.

"सगू, तू हुतीस तितं. कुठनं आला त्यो? कुठं पळाला? आज त्येचा वंश ठिवत न्हाई."

सगुणा लांडगी मांडीवर घेऊन बसली होती. सांडलेलं जावळ तिनं गोळा केलं होतं, त्याचे दोन वाटे केले होते. एक वाटा परकराच्या ओच्यात. दुसरा मुठीत.

"बोल की गं. बीळ बगितलंयस का कुठं?"

धोंडाक्कानं आकडी खाली ठेवली. मान खाली. बोटं मात्र एकमेकांत अडकलेली.

"मुकी झाली का काय?" धुळा हसला. त्या हसण्यात दात होते. "का लांडग्यानं जीभ बी नेली?"

आबानं पहार जमिनीत रोवली. माळ थरथरला.

"सगू. शेवटचं इचारतो."

ओढ्याच्या वळणाकडे सगुणानं पाहिलं नाही. मूठ उघडून तिनं पांढरी लोकर लांडगीच्या फाटक्या पोटात घातली, बोटानं हलकेच आत सारली. दाभणात ओवायला काळा दोरा घेतला, त्याचं टोक ओलं करायला ओठांत धरलं, ओठ घट्ट मिटले, आणि तशाच मिटलेल्या ओठांनी ती आबाकडे बघत राहिली, बघत राहिली, उजेड सरेपर्यंत.