रोपं की रोग

शेरा ‘र’वर संपत होता. ‘तिसऱ्या वर्षी उगवण उत्तम, मात्र र’, आणि पुढे पडद्यावर नुसती पांढरी जागा. बियाणं-संग्रह सांभाळणाऱ्या बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रोपं की रोग? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक होता.

कंटाळून अर्धवट टाइप केलं म्हणत अशा तुटक्या शेऱ्यांचं खापर बाई तीन वर्षं धाकटीच्या माथी फोडत आल्या होत्या. धाकटी म्हणजे त्यांची सहायक. चाळिशी ओलांडली तरी नाव चिकटलेलंच. बाईंच्या एकतीस वर्षांच्या वह्या तिनेच कॉम्प्युटरवर चढवल्या. नंतर वह्यांना वाळवी लागली आणि ताडून पाहायलाही काही उरलं नाही.

“सगळं टाइप केलंय, बाई,” एवढंच ती म्हणे.

घरी निवृत्त नवरा रोज डबा हातात देताना विचारी, “ठरलं का?”

“शेरे पुरे झाल्याशिवाय जागा कशी सोडू? माझ्यामागे कुणाला काय कळणार?”

“तुझे शेरे म्हणजे मारुतीचं शेपूट!” इकडे ऑफिसात नोकरीच्या मुदतवाढीचा तिसरा अर्ज टेबलावर तसाच पडून होता, सहीवाचून.

बाईंनी पेन्सिल घेतली आणि ‘र’वर तुटलेल्या त्या शेऱ्याची अक्षरं मोजली. मात्रा, वेलांट्या, मोकळ्या जागा, सगळं सुटं धरून: दोनशे पंचावन्न. पुढचा मोजला. दोनशे पंचावन्न. तिसरा दोनशे त्रेपन्न भरला, तशी त्यांना हायसं वाटलं. पुन्हा मोजला तेव्हा सुटलेले दोन अनुस्वार सापडले.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. कंटाळा इतका शिस्तीचा नसतो.

“अगं, इकडे ये जरा.”

धाकटी हात पुसत आली. आकडे पाहून तिने मान डोलावली. “मूळ तक्ता उघडू या का? आपण बघतो ती नुसती यादी आहे, त्या तक्त्यावरून बनणारी. सगळं टाइप केलंय, हे मी पहिल्यापासून म्हणतेय.”

मूळ तक्त्याला कुलूप बाईंनीच घातलं होतं, कुणी ढवळाढवळ करू नये म्हणून. पासवर्ड त्यांच्या एकट्यांकडे, आणि यादीवर भागत असल्याने त्यांनीही तो तक्ता कधी उघडला नव्हता. आता त्यांनी पासवर्ड टाइप केला.

‘…मात्र रोपं नाजूक, पहिले दोन आठवडे आडोसा द्यावा.’

शेरा पुरा होता. खालचाही. त्याच्या शेवटी कंसात लिहिलं होतं: ‘वहीत इथे शाईचा डाग आहे. बाईंना विचारून भरणे.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. “मग यादीत का तुटतं?”

धाकटीने यादीची मांडणी उघडली, खाली सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “ही बघा अट. ‘एकसारखी ओळ एकदाच दाखवा.’ ओळी ताडून बघायच्या म्हटलं की हा कॉम्प्युटर लांब मजकुराची पहिली दोनशे पंचावन्न अक्षरं ठेवतो, बाकी छाटतो. कुणी घातली ही?”

“मीच,” बाई म्हणाल्या. “वाटाणा दोनदा दिसत होता.”

“एका वाटाण्यापायी साडेचार हजार शेपट्या कापल्यात, बाई!”

बाईंना हसू आवरेना. धाकटीने अट काढली, यादी पुन्हा उघडली, रकाना रुंद केला. शेरे ओळीखाली ओळ उलगडत गेले, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. वाटाणा पुन्हा दोनदा दिसू लागला.

“दिसू दे,” बाई म्हणाल्या. “तीन वर्षं तुला उगाच बोलले गं.”

“शाईच्या डागाखाली काय होतं, ते सांगा. मग फिटली बाकी.”

बाईंनी आठवून सांगितलं, धाकटीने भरलं. मग बाईंनी कागदाच्या चिठ्ठीवर पासवर्ड लिहिला, मुदतवाढीचा अर्ज उचलून त्याचे दोन तुकडे केले आणि चिठ्ठी धाकटीपुढे सरकवली.

“एक तारखेपासून मी घरी. संग्रह तू सांभाळायचास.”