कोलॅबमधला साखरपुडा

संचिताच्या साखरपुड्यात सगळेच कोलॅबरेट करत होते. डेकोरेशनवाला, मेकअपवाली रीमा, ड्रोनवाला, सगळे, रीलमध्ये नाव यावं म्हणून. तिच्या पप्पांना, म्हणजे हरिश्चंद्र कदमांना, या शब्दाचा अर्थ एवढाच कळला होता की कोणी पैसे मागत नाही. भांड्यांच्या कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस. फुकट म्हटलं की त्याला आधी शंका यायची.

खारीगावातला सोसायटीचा हॉल भरला. अंगठी घालून झाली. मोरव्याहून आलेले मुलाचे मामा बाळाराम बाजूच्याला ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाले, "जेवनाचा वास कसा येत न्हाय? रत्नागिरीवाले हायत. वास पन जपून वापरत असतील."

हरिश्चंद्र हसले आणि गुपचूप मागच्या खोलीत गेले.

शेगडी थंड. टेबलावर सहा सजवलेली ताटं. केटरर मितेश ब्रशने जिलेबीला तेल लावत होता, फोटोत चमकावी म्हणून.

"बाकीचं कुठाय?"

"बाकीचं काय?"

"अरे, दीडशे माणूस बसलंय बाहेर."

"अंकल, कोलॅबमध्ये शूटचं फूड येतं. जेवणाचं तुम्ही दुसऱ्या कोणाशी कोलॅबरेट केलं असेल ना?"

हरिश्चंद्रांनी दाराचा पडदा नीट ओढून घेतला. मामांना कळलं तर आजच लग्न मोडणार.

तेवढ्यात पडदा सरकला. मुलाची आई, शेवंतीबाई. हरिश्चंद्र हात पसरून टेबलासमोर उभे राहिले.

"विहीणबाई, आत नका येऊ, धूर आहे."

"धूर ऱ्हाऊ दे. तेल हाय का?"

मागे संचिता उभी, बोट सुजून लाल झालेलं. तिच्यामागे एक अनोळखी माणूस, हातात अंगठीची रिकामी डबी.

"अंगठी निघत न्हाय," शेवंतीबाई म्हणाल्या.

"काढायची कशाला?" हरिश्चंद्रांनी विचारलं. मोडलंच म्हणायचं.

शेवंतीबाईंनी मान खाली घातली. "आमच्या पोरानी, निकेतनी, दुकानवाल्याशी ते केलंय. कोलॅबरेट. फोटो झाला की परत द्यायची. तुमाला तोंड कसं दाखवू, समजत न्हाय."

हरिश्चंद्र बाजूला झाले. शेवंतीबाईंनी सहा ताटं बघितली, मग थंड शेगडी, मग त्यांना. बाहेर मामा विचारत होते, पंगत बसवायची का.

मितेशने आपला ब्रश पुढे केला. अंगठी सुटली ती थेट ताटातल्या श्रीखंडात. दुकानवाल्याने चमच्याने काढली, पुसली आणि निघाला.

"लग्नात आमची घालू," शेवंतीबाई म्हणाल्या. "बारकी असंल."

"चालेल."

"मामाला मी गप बसवते. तांदूल कोनाकडं मिलतील?"

हरिश्चंद्र पहिल्या मजल्यावर धावले. बेल दाबली. "भाभी, चावल और कुकर चाहिये, बड़ावाला."

परत आले तेव्हा शेवंतीबाईंनी पदर खोचला होता. मितेश फोन वर धरून म्हणाला, "दोन्ही फॅमिली मिळून बनवतायत, मस्त रील होईल."

शेवंतीबाईंनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि कांद्याची टोपली ठेवली.

"चिर."