आतला टायर

आमच्या घरात गाडी मी चालवते. ह्यांच्या हाती स्टिअरिंग दिलं की हे डावीकडची झाडं बघत बसतात आणि गाडीही तिकडेच निघते. गाडी म्हणजे मोटरहोम, आत पलंग, शेगडी, नळ, सगळा संसार. स्टिअरिंग माझं, चाकं ह्यांची, अशी आमची वाटणी.

मागे दोन्ही बाजूंना जोडटायर होते, एकाला चिकटून दुसरा. आतल्याची हवा बघायची तर गोणपाट टाकून गाडीखाली सरपटायचं. खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ह्यांनी जाहीर करून टाकलं, "ज्या दिवशी मला चाकं बघणं जमणार नाही, त्या दिवशी गाडी विकायची. लोढणं होऊन मी फिरणार नाही." हा माणूस एकदा बोलला की बोलला. गाडी गेली की हे खुर्चीत बसणार आणि मग खुर्चीतून उठायचे नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं.

मागच्या खेपेला निघताना गाडीमागून आरोळी आली, "सगळे ओके!" हे शेजारी येऊन बसले. गोणपाटाची घडी मोडलेली नाही, शर्टाची पाठ कडक इस्त्रीची. मी किल्ली फिरवली. पुढे चहाला थांबलो तेव्हा मागच्या टायरला हात लावला, तर चटकाच बसला. आतला टायर पार बसलेला आणि बाहेरचा बिचारा दोघांचं वजन ओढत होता. असं डोकं सणकलं माझं! अहो, जिवावर बेतलं असतं! तेवढ्यात हे लंगडणं लपवत दोन कप घेऊन येताना दिसले.

"खिळा घुसलाय वाटतं आत्ताच," मी म्हटलं.

"हो, रस्ताच तसला," हे कपात बघत म्हणाले.

पंक्चर काढलं, घरी आलो. दुसऱ्याच दिवशी मी गाडीचं वजन करून आणलं आणि ह्यांना घेऊन टायरवाल्याकडे गेले.

"जोड काढा. मागे एकेकच टायर, पण रुंद."

टायरवाल्याने डोकं खाजवलं. "काकू, जोड असला की एक गेला तरी दुसऱ्यावर हळूहळू ठिकाणाला लागता. सिंगल फुटला तर जागच्या जागी उभं राहाल."

"राहू की! घर पाठीशीच आहे, चहा करून पिऊ."

"रिम बदलावे लागतील. आणि हा साइज वाटेत कुठेही मिळत नाही."

"म्हणून स्टेपनी बरोबर घेणार. ती उचलायला माणूस बोलवू. पुढचं बोला."

"वजन पेललं पाहिजे."

मी काट्यावरची पावती पुढे केली. त्याने टायरवरचा आकडा वाचला, पावती पुन्हा बघितली. "पेलतंय. वर राखून आहे."

आता हे मध्ये पडले. "अगं, कशाला हा उपद्व्याप? जोड काय वाईट होते? एक गेला तर दुसरा असतो."

"तेच तर! एक गेलाय हे दुसरा सांगतच नाही. मुकाट ओढत राहतो आणि मग दोघंही जातात. असला सोशिकपणा मला नको. जो काय टायर असेल तो डोळ्यांसमोर पाहिजे."

आवाज जरा चढलाच माझा. टायरवाला उगाचच पाना शोधायला लागला.

नवे टायर लागले. पुढच्या खेपेच्या सकाळी ह्यांनी मोरीतला बुटका स्टूल आणला. चाकाशी बसायचं, वॉल्व्हला हवेचं गेज लावायचं, आकडा ओरडायचा, स्टूल पुढच्या चाकाशी सरकवायचा. शेजारी खिडकीतून बघत होते, म्हणून आणखीच जोरात. मग हात पुसत हे माझ्या बाजूला येऊन बसले. मी किल्ली फिरवणार तेवढ्यात म्हणाले, "थांब जरा. मागच्या काही खेपांना मी आतले टायर बघितलेच नव्हते."

"माहितेय."

"माहितेय? मग बोलली का नाहीस? एरवी भाजीत मीठ जास्त पडलं तरी गल्ली डोक्यावर घेतेस!"

"बोलले असते तर तुम्ही गाडी विकली असतीत."

"तू चालवतेस ना? मला घरी ठेवून तू फिरायचंस."

"मला फिरायची हौस नाहीये हो," मी म्हटलं. "मला तुमच्याबरोबर फिरायचंय."

हे बराच वेळ सीटबेल्टचं बक्कल चाचपत राहिले. मीच ते लावून दिलं आणि गाडी काढली.