सहा वर्षांचा शब्द

अर्धापूरच्या गुंडप्पाअण्णांच्या केळी पिकवायच्या खोल्यांत माझी चाळीस यंत्रं बसली आहेत, लातूरच्या माझ्या वर्कशॉपात बनलेली. अण्णा घरबसल्या मोबाइलवर तापमान बघतात. यंत्रांच्या आत लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला. त्यातली भोकं सतत बुजवावी लागतात, नाहीतर कुणीही आत शिरेल. कुठली आवृत्ती किती वर्षं सांभाळायची ते ती माणसं विचारून ठरवतात. वापरत असाल, तपासत असाल तर लिहून कळवा म्हणतात.

कळवायचं काम मल्लूदादाचं. माझा चुलतभाऊ, मुरुडचा, आता हैदराबादला याच कर्नलवर काम करणाऱ्या कंपनीत. "तू मला सांग, मी तिकडं लिहितो. सहा वर्षं तुझ्या यंत्रातली ही आवृत्ती कुठं जात न्हाई," असं त्यानं गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगितलं होतं. आम्हा लिंगायतांत त्यानंतर कागद कोण मागतो? दर दुरुस्ती मी तपासायची आणि आवाजी निरोप धाडायची, "दादा, चाललंय बरं का." तो अंगठा पाठवायचा. दोन वर्षं हेच चाललं.

परवा घोषणा झाली. ही आवृत्ती डिसेंबरात बंद, कारण वापरणाऱ्या कुणाचंच पत्र नाही. माझ्या यंत्रातला सर्किट बोर्ड नव्या आवृत्तीवर चालत नाही.

त्यांचा पत्रव्यवहार सगळ्यांना खुला असतो. शोधलं तर दादाचं एकच पत्र निघालं: 'आमच्या माहितीत ही आवृत्ती कुणी वापरत नाही. बंद करायला हरकत नाही.' त्याच दिवशी सकाळी मला अंगठा आला होता.

फोन लावला.

"अगं वर्षे, कंपनीला दोन-दोन आवृत्त्या नको होत्या. माझ्या नोकरीचा सवाल होता. तुझे चाळीस डबे कोण मोजतंय?"

"तूच मोजणार होतास ना, दादा!" मी ओरडले. त्यानं फोन ठेवला.

मग मी स्वतः तिकडं लिहिलं. उत्तर सभ्य आलं: निर्णय झालाय, आधी कळवायला हवं होतं. दोन वर्षांत कुठल्याही दिवशी मी हे पत्र लिहू शकले असते, याचाच राग जास्त आला.

अर्धापूरला जाऊन अण्णांना सगळं सांगितलं. पुढं भोकं कुणी बुजवणार नाही, म्हणून डिसेंबरात यंत्रांचं इंटरनेट काढावं लागेल, तेही सांगितलं. दादाचं पत्र वाचून दाखवलं.

"सहा वर्षं चालंल, असं मला कोण म्हणालं होतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मग दादाचं काय सांगायलाव, बाई? मी त्याला वळखत बी न्हाई."