पाच मिनिटं थांबा, पक्षी उडेल

बायजामावशीच्या शेतात खाडीचं पाणी घुसवणारी बांधाची खांड आम्ही अष्टमीला बुजवली. सगळा गाव खूश झाला. आता हे विसरा, कारण असं काही झालंच नाही.

झालं ते असं. बाहेरच्या बांधाला खांड पडली की आमच्याकडे घरटी एक माणूस उतरतो. काम अष्टमीच्या आसपास, भरती मवाळ असते तेव्हाच, आणि एका ओहोटीत उरकायचं. अर्धी बुजवलेली खांड म्हणजे न बुजवलेली खांड. पुनवेचं उधाण आत शिरलं की पाऊस कितीही पडो, मीठ जात नाही. मावशीचं यंदाचं भात गेलंच. मी कंपनीतली शिफ्ट बुडवून आलो होतो. चिखलाचे गोळे हातोहात चालले होते. गुडघाभर फट उरली होती.

तेवढ्यात जिते स्टेशनवरून रिक्षाने पाहुणे आले. गळ्यात दुर्बिणी, अंगात झाडपाल्याच्या रंगाचे शर्ट.

"श्शू! पाच मिनिटं थांबाल? पक्षी उडेल."

बुडालेल्या शेतात एक लांब चोचीचा पक्षी चिखल टोचत होता. वसंतात त्याची मान तांबडी होते म्हणे, आणि मग तो सायबेरियाला जातो. त्याला अजिबात घाई नव्हती.

गावकीचे म्होरके दाजी. त्यांनी हात वर केला. "पाहुणे हायत. थांबा रं."

अख्खा गाव थांबला. हातात चिखल घेऊन.

"किती सुंदर पाणथळ जपलीय तुम्ही!" एक बाई मावशीला म्हणाल्या.

"ता माझा शेत हाय," मावशी म्हणाली. "भाताचा."

"अगदी नैसर्गिक वाटतं!"

माझ्या हातातला गोळा वाळायला लागला. "दाजी, पाणी फिरलं!"

"चाय सांगितलीय त्यांना," दाजी म्हणाले.

भरती आली, फटीतून शिरली आणि आमचा सकाळपासूनचा चिखल घेऊन शेतात गेली. त्या आवाजाने पक्षी उडाला. पाहुण्यांनी आमच्याकडे रागाने बघितलं.

मावशीने गोळा फेकला. पाहुण्यांवर नाही, दाजींच्या छातीवर. "त्यांना चाय, आन मना काय? मीठ?"

दाजींनी चिखल पुसला नाही. उद्यापासून पाणी चढत जाणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

प्रति,
मा. भरती, धरमतर खाडी.
विषय: थांबण्याबाबत.
महोदया, येत्या पुनवेस आपण बांधाबाहेरच थांबावे. एका पक्ष्यासाठी अख्खा गाव थांबला होता, ही बाब विचारात घ्यावी. चहाची सोय करण्यात येईल.