नगारा गप्प बसला ती दुपार

मी एक जुना नगारा आहे. सध्या माझ्यात कांदे भरून ठेवले आहेत.

मित्रांनो, हसू नका. ज्याचा आवाज ऐकून अनसिंगच्या शिवारातली पाखरं उडायची, त्याच्या पोटात आज कांदे आहेत आणि त्यातला एक सडला आहे. सांगणार कुणाला? बोलायला मला काठ्या लागतात आणि काठ्या कधीच चुलीत गेल्या. तरीही आज तुम्ही जवळ बसलाच आहात, तर माझी गोष्ट ऐका.

वाशीमच्या एका तांबटाने तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून मला घडवलं. त्या हातोडीचे ठोके माझ्या अंगावर अजून दिसतात. वरून हल्याचं, म्हणजे रेड्याचं, जाड कातडं ताणलं, वादीने आवळलं आणि एका बैलगाडीत घालून मला बंजाऱ्यांच्या तांड्यावर आणलं. तांड्याच्या नायकाने, हेमलाने, मला शेकोटीजवळ धरून कातडं तापवलं आणि पहिली थाप स्वतः दिली. त्या दिवसापासून मला माझ्या आवाजाचा गर्व झाला, तो अजून गेलेला नाही.

मला वाजवायचं काम रामसिंगचं. लग्न असो, तीज असो, पोहरादेवीची जत्रा असो, रामसिंगच्या काठ्या आणि माझं कातडं यांच्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. देशातली पहिली निवडणूक झाली तेव्हा मतदानाची दवंडीही मीच दिली. हेमला नायक म्हणायचा, "आपला नगारा वाजला का मेलेला बी उठून बसते." मी ते खरंच धरून चाललो होतो.

त्या निवडणुकीच्या पुढच्या फाल्गुनात हेमलाच्या पायावरून भरल्या गाडीचं चाक गेलं. नडगीचं हाड मोडलं. अनसिंगहून जिनदास डॉक्टर आले. पाय सरळ करून त्यांनी बांबूच्या पट्ट्या बांधल्या. हेमलासारखा धिप्पाड माणूस, पण त्याची किंकाळी तांडाभर ऐकू गेली. डॉक्टरांनी आपली बॅग ठेवली होती माझ्यावर. मला राग आला, पण त्यामुळे त्यांचा शब्द न् शब्द मी ऐकला.

त्यांनी पांढऱ्या भुकटीच्या पुड्या काढून नायकाची बायको रुपाबाई हिच्या हातात दिल्या. "या एका पुडीत दोन औषधं आहेत," ते म्हणाले. "एक ठणक्यावरचं, आणि दुसरं अफूच्या जातीचं. एक पुडी सकाळी, एक दिवे लागल्यावर. मधे कितीही दुखलं तरी तिसरी द्यायची नाही. ठणका मरायला वेळ लागतो, घाई करू नका." मग त्यांनी विचारलं, "नायकाला दुसरं काही औषध चालू आहे का?"

"नाही जी," रुपाबाई म्हणाली. "औषध तं आमच्या घरी कोनी घेतच नाही."

ती खोटं बोलत नव्हती. हेमलाच्या कमरेला चंची असायची. तिच्यात तंबाखू, सुपारी आणि गुडघेदुखीसाठी अफूची गोळी. ती तो वर्षानुवर्षं घेत होता. पण चंचीत असतं ते काय औषध असतं का? कुणाच्या मनातही आलं नाही. मोडलेल्या पायाचं दुखणं सोसत पडलेल्या हेमलालाही ते सुचलं नाही.

होळी तोंडावर आली. आमच्या तांड्यात होळी पहाटे पेटते आणि ती नायकाच्या हातूनच पेटवायची. त्याला बाजेवर उचलून न्यायचं ठरलं होतं. त्या दुपारी रामसिंग मला नायकाच्या दारासमोर घेऊन बसला होता आणि लेंगीचा, आमच्या होळीच्या गाण्यांचा, ठेका धरत होता. बाया गोल करून गात होत्या. दार उघडं होतं. आत बाजेवर पडलेला हेमला मला दिसत होता.

ठणका उठला होता. तो दात आवळून कण्हत होता. सकाळची पुडी होऊन गेली होती आणि दिवे लागायला अजून खूप अवकाश होता. रुपाबाईला ते बघवेना. तिने एक पुडी मधात कालवून त्याला चाटवली आणि ती पाण्याला गेली. हेमला कण्हतच होता. थोड्या वेळाने त्याचा धाकटा भाऊ बाबूसिंग आत आला. भावाचा घामेजलेला चेहरा बघून त्याचा जीव तुटला. "आजून देल्ली नाही वाटते वहिनीनं," असं पुटपुटत त्यानेही एक पुडी दिली. तो गेल्यावर हेमलाने स्वतःच चंची सोडली, अंगठ्याने काळी गोळी चोळली आणि जिभेखाली ठेवली. कदाचित नेहमीपेक्षा मोठी.

मित्रांनो, तिघांनीही त्याचं भलंच चिंतलं होतं. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं फक्त मला.

कण्हणं थांबलं. रुपाबाई परत आली, आत डोकावली आणि लगबगीने बाहेर येऊन म्हणाली, "रामसिंगभाऊ, बंद करा तो नगारा! त्यायचा डोया लागला. किती दिवसानं झोपले."

रामसिंगने काठ्या खाली ठेवल्या. बाया पाय न वाजवता निघून गेल्या. कुणीतरी कुत्रंसुद्धा हाकललं. सगळा तांडा नायकाच्या झोपेसाठी चवड्यावर चालू लागला. आतून घोरणं ऐकू येत होतं, खरखरीत, पाण्यात गुडगुडल्यासारखं. रुपाबाई हसून म्हणाली, "कसे घोरून राह्यले पाहा!" मला ते घोरणं आवडलं नाही. आवाजातलं मला कळतं. प्रत्येक ठोक्यानंतर पुढचा ठोका उशिराने येत होता. मी भीतीने गार पडलो होतो, पण काठ्यांशिवाय नगारा म्हणजे नुसतं भांडं.

हेमलाची मोठी बहीण रामीबाई सणासाठी माहेरी आली होती. ती भावाच्या उशाशी वारा घालत बसली. बसल्या बसल्या तिचा श्वास आपोआप त्याच्या श्वासाबरोबर चालू लागला, आणि तिलाच गुदमरल्यासारखं झालं. ती थबकली.

"रुपा, इकडे ये. माहे दोन श्वास झाले तं याचा एक बी नाही."

"झोपू द्या ना आक्का, आत्ताच तं आराम पडला."

"याले झोप नाही म्हनत! ओठ पाह्य याचे, काये निये पडले. हेमला! अय हेमला!" तिने त्याला गदागदा हलवलं, गालावर चापट्या मारल्या, मुठीने त्याची छाती रगडली. त्याने जरासे डोळे उघडले आणि लगेच मिटले. रामीबाई दारात येऊन ओरडली, "रामसिंग, वाजव! तांडा गोया कर!"

मित्रांनो, मी आयुष्यात इतका जोरात कधी वाजलो नाही. शेतातून, खळ्यातून माणसं धावत आली. बाबूसिंग तोंडात ताक ओतायला निघाला, तेव्हा रामीबाईने तांब्याच हिसकावला. "जाग नसलेल्या लेकराच्या तोंडात दूध ओततो का आपून? श्वासात जाईन त्याच्या!" बैल जुंपले, दमणीत गवत टाकलं आणि हेमलाला कुशीवर निजवलं, म्हणजे घशात काही अडकायला नको. मला त्याच्या डोक्याशी ठेवलं. अनसिंगपर्यंतचा रस्ता सगळा दगडगोट्यांचा. श्वास लांबला की रामीबाई त्याची छाती रगडून ओरडायची, "श्वास घे!" आणि रामसिंगला म्हणायची, "वाजव!" हेमला एक श्वास घ्यायचा. मग पुन्हा वाट बघणं.

दवाखान्यात जिनदास डॉक्टरांनी त्याच्या पापण्या उचलल्या. बुबुळातले काळे ठिपके मोहरीएवढे झाले होते. "किती पुड्या दिल्या?"

"सकायची एक," रुपाबाई रडत म्हणाली, "आन् दुपारी एक."

डॉक्टरांनी मान हलवली. "दोन पुड्यांनी असं होणार नाही. खरं सांगा, मी रागावणार नाही. मला कळल्याशिवाय इलाज करता येणार नाही."

बाबूसिंग भिंतीशी उभा होता. मी त्याच्याकडे बघत होतो. बोल, बाबूसिंग, बोल! अखेर तो म्हणाला, "मी बी एक देल्ली, डॉक्टरसाहेब. मले मालूम नव्हतं वहिनीनं देल्ली म्हनून."

"अजून काही?"

"नाही जी."

आहे! आहे ना! मी मनात ओरडत होतो. तेवढ्यात श्वास मोकळा व्हावा म्हणून रामीबाईने त्याच्या कमरेला आवळलेलं धोतर सैल केलं आणि चंची जमिनीवर पडली. काळा खडा घरंगळत डॉक्टरांच्या बुटाशी थांबला.

"हे काय?"

"ते काही नाही जी," रुपाबाई म्हणाली. "ते त्यायची रोजची अफू हाये."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "पुडीतही तेच आणि चंचीतही तेच! बाई, तुमचं काही चुकलं नाही. मी औषध विचारलं, चंची विचारली नाही. चला, आता याचा श्वास आपणच चालवायचा!"

त्यांनी हेमलाचं तोंड पुसून मोकळं केलं, त्याला उताणा घेतला आणि त्याचे दोन्ही हात डोक्यावर ओढून पुन्हा छातीवर आणून दाबू लागले. ओढायचं, दाबायचं. अशा विषावरच्या उताऱ्याचं इंजेक्शन तेव्हा आमच्या भागात कुणी पाहिलंही नव्हतं. डॉक्टर दमले की बाबूसिंग, बाबूसिंग दमला की रामसिंग. रामसिंगने काठ्या टाकल्या तेव्हा मला फार लागलं. पण खरं सांगतो, नगाऱ्याने माणूस श्वास घेत नाही. तिथे हातच लागतात.

मी कोपऱ्यात गप्प उभा राहिलो. बाहेर गुरं परतली. रुपाबाई भिंतीला डोकं टेकून बसली होती. हात वर, हात खाली. मग एकदा बाबूसिंगने हात ओढायच्या आधीच छाती आपली आपण वर आली. सगळे थांबले. ती पुन्हा वर आली. बऱ्याच वेळाने हेमलाने डोळे उघडले, आढ्याकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात चिडून विचारलं, "नगारा काहून बंद केला रे?"

रुपाबाई हसली आणि हसता हसता हुंदके देऊ लागली. डॉक्टर मात्र रात्रभर हेमलाजवळून हलले नाहीत, कारण असली झोप फिरून येते.

त्यानंतर आमच्या तांड्यात एक रीत पडली. दुखण्याचं औषध घेऊन कुणी निजलं की रामसिंग त्याच्या दारात अधूनमधून माझ्यावर हलकी थाप द्यायचा आणि आतून हुंकार यायची वाट बघायचा. औषध द्यायचा हातही एकच, घरातल्या एकाच माणसाचा. आणि डॉक्टर आले की आधी चंची त्यांच्यापुढे उलटी करायची.

आता लाऊडस्पीकर आले, रामसिंग गेला, माझं कातडं फाटलं. परवा घरात कुणी आजारी निजलं होतं. माझ्यावरचं झाकण खाली पडून वाजलं, तेव्हा सगळे माझ्यावरच खेकसले, "हळू! झोप लागली आहे!"

मित्रांनो, मला कातडं नको, शेंदूर नको. कांदे खुशाल ठेवा. एवढंच करा. दुखण्याचं औषध घेऊन कुणी गाढ झोपलं, तर जवळ जा आणि नाव घेऊन हाक मारा. ओ आली नाही, श्वास लांबला, तर त्याला एकटं सोडू नका. आरडाओरडा करा, दवाखाना गाठा, आणि काय काय दिलं ते सगळं सांगा, लाज वाटली तरी सांगा. झोपमोड झाली म्हणून माणूस रागावेल. रागावू द्या. हेमला रागावला होता, आणि त्यानंतर कितीतरी होळ्या त्याने स्वतःच्या हाताने पेटवल्या.